फक्की, सुतळी आणि दशांश चिन्ह : मैदानावर गणित कसं शिकवायचं

गेल्या हिवाळ्यातली रविवारची सकाळ. नेरूळमधल्या आमच्या सेक्टरच्या मैदानावर पाचवीतली दोन पोरं हमरीतुमरीवर आलेली. उभ्याने मारलेली लांब उडी एकाची १.४५ मीटर, दुसऱ्याची १.५. पहिला म्हणत होता, "काका, पंचेचाळीस मोठा की पाच? मग मीच जिंकलो ना!" दुसरा रडकुंडीला आलेला, कारण आपली उडी लांब गेली हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, पण वहीतला आकडा त्याच्या विरोधात बोलत होता.

दोघांनाही वर्गात दशांश अपूर्णांक शिकवून झाले होते. मी काही समजावलं नाही. टेप जमिनीवर पसरला आणि दोघांना आपापल्या आकड्यावर बोट ठेवायला सांगितलं. १.४५ वाल्याचं बोट लगेच सापडलं. १.५ वाला आधी १०५ सेंटिमीटरवर गेला, थांबला, स्वतःच्या टाचेच्या खुणेकडे पाहिलं आणि बोट सरकवत १५० वर नेलं. "म्हणजे हे एक पॉइंट पन्नास आहे!" पहिल्याने शेजारचं बोट पाहिलं आणि भांडण मिटलं. त्यानंतर त्या दोघांनी ही चूक माझ्यासमोर तरी केलेली नाही.

धावणं, उडी, फेक या तीन गोष्टींत पाचवी ते आठवीच्या गणिताचा बराच भाग पोटात घेण्याची ताकद आहे. मी तीन वर्षं सोसायटीतल्या आठ-दहा मुलांबरोबर हे करतो आहे. मी शिक्षक नाही. माझा क्रम एकच असतो: आधी अंदाज, मग टेप, शेवटी वही. हा क्रम उलटा केलात, म्हणजे सूत्र आधी सांगून "आता मैदानावर पडताळा" म्हणालात, तर मुलं पळतील, पण गणित वर्गातच राहील.

सामान

३० मीटरचा टेप (फायबरचा चालतो, स्टीलचा उत्तम), तागाची सुतळी, चार-पाच खुंट्या, हातोडी, पिशवीभर फक्की, शिट्टी, स्टॉपवॉच असलेले तीन मोबाइल आणि प्रत्येकाकडे चौकटीची वही. कॅल्क्युलेटर माझ्या खिशात. तो अंदाज वहीत लिहून झाल्याशिवाय बाहेर येत नाही.

वेळ सकाळी साडेसहा ते आठ. ऑक्टोबरच्या उन्हात आठनंतर कोणाचंच डोकं चालत नाही, माझंही नाही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पावसाळ्याचं शेवटी सांगतो.

पहिला रविवार : स्वतःचं पाऊल

टेपने २० मीटर मोजून दोन रेघा मारा. प्रत्येक मुलाने नेहमीच्या चालीने तीनदा चालायचं आणि पावलं मोजायची. ३३, ३१, ३२ अशी आली की सरासरी ३२. आता २० मीटर म्हणजे २००० सेंटिमीटर, भागिले ३२, एक पाऊल साडेबासष्ट सेंटिमीटर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायचा.

मग मैदानाची लांबी. आधी सगळ्यांनी नुसतं बघून अंदाज लिहायचा. पहिल्या वेळी अंदाज ३० मीटरपासून २०० मीटरपर्यंत येतात, हसू नका. मग पावलांनी मोजायचं. ८८ पावलं गुणिले ०.६२५ म्हणजे ५५ मीटर. शेवटी टेप. पावलांचं उत्तर टेपच्या मीटर-दोन मीटर जवळ आलं की मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी मी रविवारची झोप सोडतो. घरी जाताना गेटपासून लिफ्टपर्यंत, दुकानापासून स्टेशनच्या जिन्यापर्यंत सगळं मोजून होतं. ते सांगावं लागत नाही.

एक चूक हमखास होते. पहिलं पाऊल टाकण्याआधीच "एक" म्हणतात. ती लगेच दुरुस्त करू नका, पुढे अडथळ्यांच्या वेळी तीच चूक कामाला येते.

उडी : खाली उतरवायचं, वेळ : वर चढवायची

उभ्याने लांब उडी. प्रत्येकी तीन प्रयत्न. मोजायचं ते उडीच्या रेषेपासून, पडताना शरीराच्या ज्या भागाची खूण रेषेच्या सगळ्यात जवळ उमटली तिथपर्यंत, आणि टेप रेषेला काटकोनात धरून. तिरका धरला की उडी फुकटात लांबते. एकाला मुद्दाम तिरका धरायला सांगा, बाकीचे ओरडतील. बिंदूपासून रेषेपर्यंतचं सगळ्यात कमी अंतर लंबाचं असतं, हे त्या ओरडण्यात येऊन जातं.

आता एक नियम सांगा, जो मुलांना फार आवडतो. स्पर्धेत उडी किंवा फेक मोजताना सेंटिमीटरच्या खालचा तुकडा सोडून देतात. १.४७८ मीटर आलं तर नोंद १.४७. हातातल्या घड्याळाने वेळ मोजली तर उलट, पुढच्या मोठ्या दशांशावर नेतात. ८.१४ सेकंद दिसले तर नोंद ८.२. शाळेतला "पाचच्या पुढे वर, पाचच्या आत खाली" हा नियम इथे चालत नाही. का, असं विचारा. आमच्याकडे सहावीतल्या एकीने उत्तर दिलं: "कारण केलं नाही तेवढं कुणाला द्यायचं नाही." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

तीन प्रयत्नांतला सर्वांत चांगला, तिन्हींची सरासरी, आणि मधला, असे तीन आकडे काढायला लावा आणि विचारा, बक्षीस कशावर द्यायचं? स्पर्धेत सर्वांत चांगली उडी धरतात. पण रिलेच्या टीममध्ये कुणाला घ्यायचं असेल तर? इथे वाद होऊ द्या, वीस मिनिटं गेली तरी चालतील.

धावणं आणि उलटा आकडा

४० मीटर आखा, पुढे थांबायला किमान दहा मीटर मोकळे ठेवा. तीन मुलं तीन मोबाइल घेऊन शेवटच्या रेषेवर. तिघांचे आकडे वेगळे येतील: ८.१, ८.४, ८.२. यातला खरा कोणता? हातघड्याळांचा नियम असा, की तिन्ही वेगळे असतील तर मधला, दोन सारखे असतील तर तो. म्हणजे इथे ८.२. झालं, मध्यक शिकवून झाला. सरासरी का नाही? एकाने घड्याळ उशिरा दाबलं असेल तर सरासरी त्याच्याबरोबर वाहवत जाते, मधला आकडा जागचा हलत नाही. पुस्तकात मध्यकाची व्याख्या असते. तो कशासाठी लागतो, हे इथे कळतं.

लहान मुलांचा इथे एक गोंधळ उडतो. जास्त मार्क म्हणजे हुशार, जास्त रन म्हणजे जिंकलो, मग जास्त सेकंद म्हणजे हरलो कसा? चौथीच्या खालच्या मुलांसाठी हा उलटा आकडा खरंच अवघड असतो. त्यांना सेकंद सांगू नका. शिट्टी ते शिट्टी पाच सेकंद द्या आणि कोण किती मीटर गेलं ते मोजा. आता जास्त म्हणजे चांगलं. दोन-तीन रविवारांनंतर पुन्हा सेकंदांवर या.

मोठ्यांसाठी वेग. ४० मीटर ८ सेकंदांत म्हणजे सेकंदाला ५ मीटर. ताशी किलोमीटरसाठी ३६०० ने गुणायचं आणि १००० ने भागायचं, म्हणजेच १८ ने गुणून ५ ने भागायचं. १८ किलोमीटर. मग अविनाश साबळे काढा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा धावपटू, २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला. मिनिटांचे सेकंद करायला लावा: ४८९.९१. (कोणीतरी ८.०९ असं दशांश समजून भागेल. भागू दे, उत्तर बघून तोच दचकेल.) वेग येतो सेकंदाला ६.१२ मीटर, म्हणजे ताशी २२ किलोमीटर. तीन किलोमीटर, आणि वाटेत २८ अडथळे नि ७ वेळा पाण्यावरून उडी. आमच्या सगळ्यात वेगवान मुलीला सांगितलं, फक्त ४० मीटर साबळेच्या चालीने धाव, साडेसहा सेकंदांत. तिला ६.९ लागले. धापा टाकत म्हणाली, "आणि तो पुढे पण पळतच राहतो?"

पी. टी. उषाचंही गणित करा. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळे. उषा ५५.४२, तिसरी आलेली ५५.४१. शंभरांश सेकंद म्हणजे किती अंतर? ४०० भागिले ५५.४२ म्हणजे सेकंदाला ७.२ मीटर, त्याचा शंभरावा भाग ७.२ सेंटिमीटर. हाताची चार बोटं जुळवून दाखवा. माझ्या आईने ती शर्यत तेव्हा ऐकली होती, पण हुकलेलं पदक किती रुंद होतं हे तिलाही त्या दिवशीच कळलं.

शेवटी एक सापळा. ४० मीटर ८ सेकंदांत धावलास, ४० सेकंदांत चालत परत आलास. जाताना वेग ५, येताना १, मग सरासरी वेग? सगळे ३ म्हणतात. एकूण ८० मीटर, एकूण ४८ सेकंद, उत्तर १.६७. हे पचायला वेळ लागतो, मोठ्या माणसांनाही.

फेऱ्या आणि पावणेचार

मराठी माध्यमाच्या मुलांकडे इथे एक घरचं भांडवल आहे. ४०० मीटरचा ट्रॅक धरा. १५०० मीटर म्हणजे किती फेऱ्या? पावणेचार. ३००० म्हणजे साडेसात, ५००० म्हणजे साडेबारा, ५०० म्हणजे सव्वा. इंग्रजी माध्यमातल्या पोरांना पावणे-सव्वा येत नाहीत, ती घरी आजीला विचारतात, आणि त्या निमित्ताने निमकी-पावकी पाठ असलेल्या एखाद्या आजी मैदानावर येऊन बसतात. आमच्याकडे आल्या. त्यांनी पोरांना तोंडी हिशेबात हरवलं.

ट्रॅक आखणे : दोन रविवार राखून ठेवा

हे सगळ्यात मोठं काम आणि सगळ्यात मजेचं.

खऱ्या ट्रॅकपासून सुरुवात करा. सरळ भाग दोन, प्रत्येकी ८४.३९ मीटर. वळणं दोन अर्धवर्तुळांची, आतल्या कडेची त्रिज्या ३६.५० मीटर. मुलांना हिशेब करायला लावा. २ × ८४.३९ म्हणजे १६८.७८. पूर्ण वर्तुळाचा परीघ २ × ३.१४१६ × ३६.५० म्हणजे २२९.३४. बेरीज ३९८.१२. चारशे होतच नाही! थोडा वेळ त्यांना गोंधळू द्या. मग विचारा, तू कडेला चिकटून पळतोस का? पाय कडेपासून थोडा दूरच पडतो. म्हणून पहिल्या लेनचं अंतर कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजतात. त्रिज्या ३६.८० घ्या, ४०० जुळतात.

आता आपला ट्रॅक, १०० मीटरचा. सरळ भाग २५ मीटरचे दोन. उरले ५०, ते वळणांचे. ५० भागिले ६.२८, त्रिज्या ७.९६ मीटर. ही धावण्याच्या वाटेची त्रिज्या. उंच कड नसून नुसती फक्कीची रेघ असेल तर २० सेंटिमीटर धरतात, म्हणून रेघ ७.७६ वर मारायची. चार लेन प्रत्येकी एक मीटर धरल्या तर साधारण ४९ बाय २४ मीटर जागा लागते.

क्रम असा. आधी मधला आयत: लांबी २५ मीटर, रुंदी ७.७६ च्या दुप्पट म्हणजे १५.५२. काटकोनासाठी सुतळीचा ३, ४, ५ मीटरचा त्रिकोण करा. चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोका आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखेच आले पाहिजेत, २९.४३ मीटर, म्हणजे ३० मीटरचा टेप कसाबसा पुरतो. कर्ण सारखे आले नाहीत तर आयत नसून वाकडा चौकोन झालाय, पुन्हा करा. मग दोन्ही आखूड बाजूंच्या मध्यावर एकेक खुंटी. तिला सुतळी बांधून, ७.७६ वर फक्कीचा डबा धरून अर्धवर्तुळ फिरवायचं.

सुतळी म्हटलंय, नायलॉनची दोरी नाही. पहिल्या वर्षी मी घरातली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी नेली. आठवीतला एक दांडगा मुलगा ती जीव खाऊन ओढत फिरला. वळण सरळ रेघेला भेटायला आलं तेव्हा वीतभराहून मोठी पायरी पडलेली. मी म्हणालो, जाऊ दे, खपून जाईल. पोरं ऐकेनात. त्यांनी धावण्याच्या वाटेवर सुतळी अंथरली, उचलून तुकड्या-तुकड्याने मोजली, फेरी भरली १०१ मीटर ९० सेंटिमीटर. सातवीतली एक मुलगी वहीत काहीतरी खरडत होती. १.९० भागिले ६.२८, पॉइंट तीस. म्हणाली, "काका, दोरी तीस सेंटिमीटर ताणली गेलीय." तिने दोरी ताणून टेप लावला. ७.७६ ऐवजी ८.०६. मी फक्की पायाने पुसायला लागलो.

लेनचं कोडं शेवटी. बाहेरच्या लेनमधल्याला जास्त पळावं लागतं हे सगळ्यांना दिसतं, किती जास्त ते विचारा. एका फेरीत दुसऱ्या लेनची त्रिज्या १ मीटरने वाढली, तर परीघ वाढला २ × ३.१४ × १, म्हणजे ६.२८ मीटर. तेवढं पुढे उभं करायचं. तिसऱ्याला १२.५७, चौथ्याला १८.८५. आता खरा प्रश्न: आपला ट्रॅक १०० मीटरचा. तो १ किलोमीटरचा असता, लेन तेवढ्याच रुंद, तर दुसऱ्याला किती पुढे उभं करायचं? मुलं दहापट म्हणतात. उत्तर तेच, ६.२८. त्रिज्येचा संबंधच येत नाही, फक्त लेनच्या रुंदीचा येतो. मला स्वतःला हे पहिल्यांदा पटलं तेव्हा मी कॉलेजात होतो. ज्या मुलाला खात्री नसेल त्याला दोन वेगवेगळ्या त्रिज्या घेऊन हिशेब करू द्या.

खऱ्या ट्रॅकवर लेन १.२२ मीटरची, म्हणून शेजारच्या दोन लेनमध्ये ७.६७ मीटरचा फरक असतो. फक्त पहिली नि दुसरी यांच्यात ७.०४, कारण पहिली ३० सेंटिमीटरवर मोजतात आणि बाकीच्या २० वर.

अडथळे आणि बोटांच्या फटी

पुठ्ठ्याचे सहा खोके, ४० मीटरची सरळ वाट. पहिला खोका ८ मीटरवर, शेवटच्यानंतर शेवटच्या रेषेपर्यंत ७ मीटर. मधली अंतरं सारखी ठेवायची, तर किती? बहुतेक जण २५ ला ६ ने भागतात. खोके ठेवायला लागले की शेवटचा चुकीच्या जागी पडतो. मग पंजा वर करायला सांगा: बोटं पाच, फटी किती? चार. तसंच सहा खोक्यांत पाच फटी, एक फट ५ मीटर. पहिल्या रविवारची "एक" आधीच म्हणायची चूक इथे आठवून द्या.

यातून समीकरण आपोआप येतं, ८ + ५क्ष + ७ = ४०. मग मोठ्यांचं द्या. पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीत दहा अडथळे, पहिला १३.७२ वर, शेवटच्यानंतर १४.०२, मधलं अंतर काढा. ९.१४ येतं, बरोबर नऊ फटी.

फेकीचं थोडक्यात. गोळाफेकीत पंखासारखा उघडत जाणारा भाग आखतात, २० मीटरवर त्याच्या दोन रेघांतलं अंतर १२ मीटर. आपल्याला १० मीटर पुरे, मग रुंदी किती? ६. आणि ५ वर? ३. गुणोत्तर संपलं. गोळा मात्र नको, ओला टेनिसचा चेंडू घ्या.

काही बारीक-सारीक

सगळ्यांची यादी वेगानुसार लावू नका. मी लावली होती, एक मुलगा दोन रविवार आलाच नाही. आता प्रत्येकाची स्वतःच्या पहिल्या आकड्याशी तुलना, टक्केवारीत. त्यातही गंमत आहे. १० सेकंदांवरून ९ म्हणजे १० टक्के सुधारणा, पण ७ वरून ६.५ आणणाऱ्याचे ७ टक्केच, आणि मेहनत मात्र त्याची जास्त. हे अन्यायाचं आहे असं मुलं म्हणतील. बरोबर आहे त्यांचं.

गणित चुकलं म्हणून फेरी मारायला लावू नका. एकदा जरी केलंत, तरी दोन्हींचा कंटाळा येईल.

जून ते सप्टेंबर

मैदानाचा चिखल झाला की बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये या. ३० सेंटिमीटरची पट्टी एकाने वरून लोंबकळत धरायची, दुसऱ्याने शून्याजवळ अंगठा नि बोट उघडं ठेवायचं. न सांगता पट्टी सोडायची, पकडायची. जिथे पकडली तो आकडा वाचायचा. ५ सेंटिमीटर म्हणजे ०.१० सेकंद, १० म्हणजे ०.१४, १५ म्हणजे ०.१७, २० म्हणजे ०.२०. अंतर दुप्पट झालं तरी वेळ दुप्पट होत नाही, चौपट अंतराला दुप्पट वेळ. आलेख काढायला लावा, रेघ सरळ येत नाही हे त्यांचं त्यांनाच दिसतं.

आणि स्पर्धेतला नियम सांगा: बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत हललात तर तुम्ही ऐकून नाही, अंदाजाने निघालात असं धरतात. मागच्या जुलैत बाहेर धो धो पाऊस, पार्किंगच्या उतारावरून पाणी आत येतंय, आणि तिसरीतल्या एकाने पट्टी ४ सेंटिमीटरवर पकडली. तो दोन्ही हात वर करून नाचायला लागला. बाकीच्या सातही जणांनी वहीतला तक्ता पाहिला आणि एका सुरात ओरडले, "फाउल!"